अडवलेले डबे

दिवाळीच्या तोंडावर भांडुपच्या आमच्या गोडाऊनमध्ये कोणी कोणाशी नीट बोलत नाही. मी तर मुळीच नाही. रवा, मैदा, बेसन, साखर, पोहे, तुपाचे डबे, उटणं, साबण, कंदिलाचे कागद, सगळं एकदम येतं आणि सगळ्यांना एकदम हवं असतं. घाटकोपरच्या दुकानाला आज हवं, मुलुंडच्या दुकानाला काल हवं होतं, कुर्ल्याचा मॅनेजर फोनवर नुसता बोंबलत असतो. सहकारी ग्राहक भांडार म्हणतात आमच्या संस्थेला. सहकार कसला, जो तो आपल्या दुकानापुरतं बघतो. कुठल्या गाडीत काय चढवायचं, कुठली गाडी आधी सोडायची, कोणाचा माल रोखून धरायचा, हे सगळं मी ठरवते. माझं नाव प्रेमा आहे, पण तिथे कोणी नावावर जाऊ नये.

त्या वर्षी माझ्या हातून एकही चूक झाली नाही. कुठलं दुकान उपाशी राहिलं नाही, कुठली गाडी रिकामी फिरली नाही. साहेब म्हणाले, ताई, झकास काम चाललंय तुमचं. चालणारच. मला दुसरं काही वाटतच नव्हतं, मग काम होणार नाही तर काय होणार?

माझा नवरा लवू टेम्पो चालवायचा. आधी त्याला 'हे' म्हणायची मी, आता नाव घेते, चालतं. तो गिरणीत होता. संप लांबला, मिटायचं नाव घेईना, तसं त्याने स्टिअरिंग धरलं. आषाढात कोकणातून नारळ आणायला गेला आणि पुलावरून टेम्पो नदीत गेला. टेम्पो सापडला. क्लीनर खालच्या अंगाला झुडपात अडकलेला सापडला. लवू सापडला नाही. मी गेले होते तिकडे. क्रेनने टेम्पो वर काढला तेव्हा ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडं होतं आणि सीटवर चिखल होता. मी पंचनाम्यावर सही केली, एसटीने परत आले, दुसऱ्या दिवशी कामावर गेले. रडू आलं नाही. लोक म्हणाले, धक्का बसलाय तिला, येईल नंतर. नंतरही आलं नाही. जेवत होते, झोपत होते, गाड्या सोडत होते. बधिर झालं होतं सगळं, दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो तसं.

लवू गेला हे मला ठाऊक होतं. त्या पाण्यातून कोणी येत नाही, मी पाहिलंय ते पाणी. पण घरात हे बोलायची सोय नव्हती, कारण घरात आई होती. आई म्हणजे माझी सासू रुक्मिणी. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे घरात आम्ही दोघीच उरलो. मी नदीवरून परत आले त्या दिवशी चाळीतल्या बायका माझं कुंकू उतरवायला आल्या, तर आई दारात आडवी उभी राहिली. "मढा गावाक नाय, तोवर माझो झील मेलो म्हणूचा नाय," म्हणाली. "हिच्या कुंकवाक कोण हात लावता ता बघतंय मी." प्रेत सापडलेलं नाही हे बायकांनाही ठाऊक होतं, त्या परत गेल्या. त्यानंतर आईने लवूचं नाव काढलं नाही, मीही नाही. सुतक नाही, दहावं नाही, तेरावं नाही. गणपती आले आणि गेले, नवरात्र गेलं. आम्ही दोघी समोरासमोर बसून भात-आमटी जेवायचो आणि आमटीत मीठ कमी की जास्त एवढंच बोलायचो.

आणि आता दिवाळी आली होती.

आमच्यात ज्या घरात वर्षभरात माणूस गेलं, त्या घरात दिवाळीचं तळण काढत नाहीत. कढईच चढवायची नाही. मग शेजारीपाजारी, नातेवाईक, कामावरचे लोक आपापल्या घरून फराळाचे डबे आणून देतात. कोणाला बोलवावं लागत नाही, कोणी काही बोलत नाही. बाई डबा घेऊन दारात आली की त्यात सगळं आलं. आमच्या दारात असा एक जरी डबा आला असता, तरी आईला कळलं असतं की चाळीने, गोडाऊनने, कुर्ल्याला दिलेल्या पोटच्या मुलीनेसुद्धा तिचा लवू मेला असं धरून टाकलंय. एकटी ती तेवढी त्याची वाट बघत राहिलीय. त्यानंतर त्या म्हातारीचं काय झालं असतं? माझ्याकडे तिच्याशिवाय कोण होतं? डबा येता कामा नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

भांडार दर दिवाळीला प्रत्येक कामगाराला एक पिशवी देतं. रवा, बेसन, साखर, तूप, पोहे. साहेब स्वतः हाताने देतात. चंद्रप्रकाश त्यांचं नाव, माणूस भला आहे, पण कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलायचं म्हटलं की त्याला घाम फुटतो. सगळ्यांच्या पिशव्या देऊन झाल्या आणि साहेब चष्मा पुसायला लागले.

"साहेब, माझी पिशवी?"

"प्रेमाताई, मला वाटलं… म्हणजे बायकांनी मला सांगितलं की तुमच्याकडे यंदा…"

"काय माझ्याकडे यंदा?"

साहेबांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला. पॅकिंगच्या बायका आपापल्या पिशवीत बघायला लागल्या. जिच्या तिच्या हातातली पिशवी एकदम जड झाली.

"माझ्याकडे यंदा दिवाळी आहे," मी म्हटलं. "पिशवी द्या."

दिली त्यांनी. स्वतःचीच दिली बहुतेक. मी ती टेबलाखाली ठेवली आणि घाटकोपरच्या गाडीचे हमाल उगाच उभे होते त्यांच्यावर खेकसले. खेकसल्यावर जरा बरं वाटतं, पण त्या दिवशी तेही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी भिवंडीहून निघालेली आमची गाडी मुलुंडच्या जकात नाक्यावर अडकली. अडकायला काही कारण लागत नाही, दिवाळीला अख्ख्या हिंदुस्थानच्या गाड्या तिथे एकामागे एक लागलेल्या असतात. गाडीत रवा, मैदा आणि तुपाचे डबे होते. मुलुंडच्या दुकानापुढे बायका सकाळपासून पिशव्या घेऊन उभ्या, आणि माल तिथून हाकेच्या अंतरावर नाक्यावर उभा. मी बस पकडून गेले. ड्रायव्हर धोंडिराम, लवूच्या बरोबरीचा, स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपला होता.

"उठा भाऊजी. झोपायला पगार देतात का तुम्हाला?"

"वहिनी, लाइन बघा ना कुठपर्यंत आहे. मी काय गाडी उचलून नेऊ डोक्यावर?"

नाक्यातून सुटेपर्यंत उन्हं कलली. गाडी आधी भांडुपला न्यायची, उतरवायची, वाटणी करून पुन्हा मुलुंडला पाठवायची, असा नियम. मी म्हटलं, गेला खड्ड्यात नियम, सरळ दुकानावर घ्या. पण तुपाचे डबे पुढे, केबिनला लागून रचलेले, आणि त्यांच्यावर आडव्या-उभ्या मैद्याच्या गोण्या. जे शेवटी उतरायचं ते आधी चढवायचं, हे मी ओरडून ओरडून शिकवलंय भिवंडीवाल्यांना, तरी त्यांनी आपल्या मनानेच भरलं होतं. मग अर्धी गाडी मुलुंडच्या फुटपाथवर उतरवली, डबे बाहेर काढले, गोण्या पुन्हा आत घातल्या. येणारे-जाणारे शिव्या घालत होते. मी त्यांना उलट घालत होते. बायकांना तूप मिळालं, दुकानवाला खूश झाला, धोंडिरामने चहा मागवला.

चहा पिताना तो म्हणाला, "वहिनी, आम्ही ड्रायव्हर लोकांनी ठरवलंय. सगळ्यांच्या घरचं थोडं थोडं घेऊन, एक मोठा डबा करून पहिल्या अंघोळीच्या दिवशी तुमच्याकडे यायचं. लवूने कोणाच्या अडीअडचणीला पाठ फिरवली नाही कधी."

मी कप खाली ठेवला. माझं तोंड सुटायला पाहिजे होतं, पण सुटलं नाही. मी अगदी हळू बोलले, म्हणून तो जास्त घाबरला.

"एकही डबा माझ्या घरी आणायचा नाही. कोणीच नाही. म्हातारी वाट बघतेय मुलाची. तिच्या दारात तुम्ही डबा घेऊन उभे राहिलात तर ती तिथेच बसेल. समजलं? सगळ्यांना सांगा."

"पण वहिनी, असं कसं? बरं दिसत नाही ना."

"दिसू दे वाईट. माझ्यावर घाला सगळं. प्रेमा म्हणाली नको, म्हणून सांगा."

धोंडिरामने नाइलाजाने मान हलवली. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे सगळीकडेच करावं लागणार. ड्रायव्हर एका बाजूने, गोडाऊनच्या बायका दुसऱ्या बाजूने, चाळ आहे, नणंद आहे. माल पोचवायला जेवढ्या वाटा असतात तेवढ्याच बंद करायलाही असतात, आणि एक जरी उघडी राहिली तरी माल पोचतोच. हे मला कोणी शिकवायला नको होतं.

गोडाऊनमध्ये मी पॅकिंगच्या बायकांना एकत्र केलं आणि एकदाच सांगितलं. त्यांनी एकमेकींकडे बघितलं आणि मान डोलावली. शांताबाई तेवढी गोणीला टाके घालत बसली होती, ती थांबली नाही. जालन्याकडची आहे ती, बौद्ध, आमच्यापेक्षा वयाने मोठी, आणि बोलायला माझ्याहून फटकळ. सगळ्या पांगल्यावर म्हणाली, "आमच्यात तुमचं हे तळणाचं काही नाही बाई. माणूस गेला की जाऊन बसायचं, एवढंच. पण मला एक सांग, तू म्हातारीला विचारलंस का?"

"काय विचारायचं?"

"हेच. डबे नको का म्हणून."

"शांताबाई, तिला विचारलं तर कळणारच की तिला. डोकं आहे का?"

"माझं आहे," शांताबाई म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली. "तुझंच बघ जरा."

मी तिला बोलणार होते काहीतरी, पण तेवढ्यात विक्रोळीची गाडी लागली. त्या दिवसांत कोणी मला काही विचारलं की एखादी गाडी लागायचीच, आणि मला ते बरं वाटायचं.

मालन म्हणजे माझी नणंद. ती कुर्ल्याला राहते, आमच्या दुकानाच्या मागच्या गल्लीत. दुकानात फोन करून तिला बोलावून घ्यायला लावलं. मी सांगितलं तशी ती फोनवरच रडायला लागली.

"वहिनी, मी आईला दिवाळीत तोंडसुद्धा दाखवायचं नाही का गं? मी तिची मुलगी आहे."

"दाखव. भाऊबीजेला ये. पण रिकाम्या हाताने ये, आणि डोळे पुसून ये."

"भाऊबीजेला येऊन ओवाळू कोणाला?"

मी तशीच रिसीव्हर कानाला लावून उभी राहिले. पलीकडे कुर्ल्याचा मॅनेजर कोणावर तरी ओरडत होता, साखर कुठाय, साखर कुठाय. मालनचं दुःख मला कळत होतं, पण ते माझ्यापर्यंत येत नव्हतं. मी म्हटलं, "मग नकोच येऊस," आणि फोन ठेवला. आणि लगेच कुर्ल्याला साखर सोडली.

चाळीत सगळ्यांत अवघड होती शुभा. आमची भिंत एक. तिच्या घरी कढई चढली की आमच्याकडे खोकला येतो. लग्न होऊन आले तेव्हापासून तिची न् माझी दिवाळी एकत्रच. ती चकल्या पाडणार, मी करंज्या भरणार, आणि दोघींच्या नवऱ्यांनी मधल्या मधे पळवायच्या. तिला मी नळावर गाठलं.

"मला माहीत होतं तू येणार हे सांगायला," ती म्हणाली. "धोंडिरामच्या बायकोने सांगितलं मला. प्रेमा, मी शेजारीण आहे गं. माझ्या घरी तळण होणार, तुमच्या घरी वास जाणार, आणि मी ताट घेऊन तुमच्या दारावरून पुढे जायचं? काय समजेल त्या आईला?"

"काही समजणार नाही. समजणार नाही म्हणूनच सांगतेय."

"आणि तू?"

"माझं काय?"

शुभाने माझ्याकडे बघितलं, बादली उचलली आणि म्हणाली, "बरं. तू म्हणतेस तर नाही आणणार. बाकीच्यांनाही सांगते." शुभाने सांगितलं की चाळीत सांगितल्यासारखंच असतं. माझं काम झालं.

घरी आईला मी भांडाराची पिशवी दिली. तिने पिशवीत हात घालून रवा चिमटीत घेऊन बघितला, म्हणाली, "बरो असा," आणि पिशवी फळीवर ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर घरातले सगळे डबे घासून बाहेर उन्हात घातलेले. पत्र्याचा मोठा डबा, अ‍ॅल्युमिनियमचे, झाकणाचे, बिनझाकणाचे. मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, करणार आहे फराळ, म्हणजे तिच्या मनात तो येणार आहे. माझं बरोबर होतं. तिसऱ्या दिवशीही पिशवी फळीवरच होती. मी म्हटलं, आई, मी पीठ भिजवू का? म्हणाली, "ऱ्हवां दे. माझ्या पाठीत दुखता." पाठीत तिच्या नेहमीच दुखतं. मी पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, पण मी मनातून दुकानं मोजत होते. कोणाकडे काय पोचलं, कोणाकडे राहिलं.

पहिल्या अंघोळीच्या दिवशी गोडाऊन बंद असतं. पण आदल्या रात्री घाटकोपरच्या दुकानात साबण संपले, आणि दुकान दुपारपर्यंत उघडं राहणार होतं. साहेब म्हणाले, कोणाला बोलवू? मी म्हटलं, मीच येते. माझ्याकडे कुठे घाई होती? उटणं लावून अंघोळ करायची ती केली, आईने नेहमीसारखं पाठीला तेल लावून दिलं. तिचे हात लवूच्या हातांसारखे आहेत, रुंद आणि खरखरीत. मी भिंतीकडे बघत बसले होते. मग साडी नेसले आणि गेले. साबण पोचवले, दुकान बंद होताना बघितलं, मॅनेजरने चिवड्याची पुडी देऊ केली ती घेतली नाही. सगळ्या दुकानांचा माल संपला होता, कोणाची तक्रार नव्हती. एवढी सुरळीत दिवाळी आमच्या गोडाऊनने कधी काढली नव्हती.

दुपारी मी चाळीत शिरले. सगळीकडे तळणाचा वास, दारोदार रांगोळ्या, कोणी कोणाच्या घरात ताटं घेऊन चाललेलं. आमच्या दारात रांगोळी नव्हती. दार सताड उघडं होतं आणि उंबऱ्याच्या आत आई पाट टाकून बसली होती. धुतलेलं लुगडं नेसलेली, केस विंचरलेले. तिच्या बाजूला ते घासलेले डबे ओळीने मांडलेले होते, प्रत्येकाच्या तळाला वर्तमानपत्राचा कागद घालून. सगळे रिकामे होते.

"आई, दारात कशाला बसलात?"

"सकाळपासून बसलंय."

"कोण येणार आहे का?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी अगदीच अडाणी आहे. "कोण येवक नाय गो," म्हणाली. "एक डबो इलो नाय."

मी चपला काढायच्या विसरले. तशीच उभी राहिले.

"सगळ्या चाळीत वास सुटलो हा तळणाचो," आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, तिचा आवाज चढत नाही. "ती शुभा माझ्या समोरसून ताट घेवन गेली. माका बघलान आणि मान खाली घातलान. मालन पन येवक नाय. त्या ड्रायव्हरांतलो एक पन नाय. माझो झील मानूस नाय होतो? ह्या चाळीत तेना कोणाच्या मयताक खांदो देवक नाय? आणि तो गेलो तर कोणाक चार करंज्ये हाडूक जमला नाय?"

"आई," मी म्हटलं, "पण तुम्हीच म्हणाला होतात. मढं सापडेपर्यंत म्हणायचं नाही."

"ता तेव्हा. तेव्हा पावसाचा पानी होता, खंयतरी लागलो आसात असा वाटला. आता पाऊस सरलो, नदी पन उतरली असतली. माका काय कळना नाय?" ती थांबली. लुगड्याच्या पदराने एका डब्याची कड पुसली. "तू बोललं नाय, म्हणान मी पन बोलूक नाय. तुझ्या तोंडाकडे बघून माका भ्या वाटायचा. म्हटला, दिवाळी येवं दे. लोक डबे घेवन येतले. मगे मी तुका सांगूक नको, तू माका सांगूक नको. सगळा आपसूक होतला."

ती लोकांची वाट बघत होती. लवूची नाही. लोक येतील, दारात उभे राहतील, डबे ठेवतील आणि तिचा मुलगा गेला हे तिच्याबरोबर सगळ्यांचं होईल, म्हणून तिने घरातला प्रत्येक डबा घासला होता. आणि मी एकेक करून सगळ्यांना परत पाठवलं होतं. मला पहिल्यांदा काहीतरी वाटलं. बरं नाही वाटलं. छातीत दगड फिरल्यासारखं झालं आणि मला भीती वाटली, खरीखुरी भीती, की हे आता थांबणार नाही.

"डबे मी थांबवले, आई," मी म्हटलं. "मी सगळ्यांना सांगितलं, आणायचे नाहीत म्हणून."

"सगळ्यांका?"

"हो."

"मालनचो पन?"

"तिचाही."

आईने रिकाम्या डब्यांच्या ओळीकडे बघितलं. मला वाटलं ती मला घालून पाडून बोलेल. बोलली असती तर मी ऐकून घेतलं असतं. तिने नुसती मान हलवली.

"तू हुशार आसस," म्हणाली. "एक पन येवक दिलंस नाय." मग म्हणाली, "जा आता. येवं दे तेंका."

मी शुभाच्या दारात गेले. ती ओट्यापाशी होती, तिचा नवरा आणि पाहुणे जेवत होते. मला बघून ती बाहेर आली, हात पदराला पुसत. मी इतकी वर्षं बोलते, दिवसभर बोलते, हमालांना, ड्रायव्हरांना, मॅनेजरांना, पण ते एक वाक्य माझ्या तोंडातून निघेना. ते वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय. गावी, चाळीत, प्रत्येक दिवाळीला कोणाच्या ना कोणाच्या घरी म्हणतात ते.

"शुभा," मी म्हटलं, "आमच्याकडे यंदा तळण नाही."

ती वळली. आत गेली. डबा भरायला तिला वेळ लागला नाही, तो भरलेलाच होता, धान्याच्या कोठीमागे फडक्याने झाकून ठेवलेला. मी हात पुढे केला तर तिने दिला नाही.

"तू नाही न्यायचा," म्हणाली. "मी आणणार."

ती पुढे, मी मागे. आई पाटावरून उठली. शुभाने डबा तिच्या दोन्ही हातांत दिला आणि वाकून नमस्कार केला. आईने डबा छातीशी धरला.

"शुभा," म्हणाली, "माझो लवू गेलो गो."

आणि मग ती जी रडायला लागली ते सबंध चाळीला ऐकू गेलं. ताटं घेऊन चाललेल्या बायका जागच्या जागी उभ्या राहिल्या. शुभा तिला धरून खाली बसली. मीही बसले, दुसऱ्या बाजूला. आईचा हात माझ्या पाठीवर होता, सकाळी तेल लावताना होता तसाच. मला तेव्हाही रडू आलं नाही. येईल असं वाटत होतं, पण मला आधी उठायला हवं होतं. चाळीत बाकीची दारं होती, कुर्ल्याला मालन होती, धोंडिराम होता, गोडाऊनच्या बायका होत्या, आणि त्या सगळ्यांना मीच सांगितलं होतं येऊ नका म्हणून. मी आईच्या हातून सुटले, पायात चपला तशाच होत्या, आणि पुढच्या दारात जाऊन उभी राहिले.

"लवू गेला," मी म्हटलं. "आईकडे या."